चुकलेले प्रश्न नंतर, सोडलेले आधी

ताई,
मी २४ वर्षांची, डोंबिवलीला राहते, ऐरोलीत एका कंपनीच्या बॅक ऑफिसमध्ये नोकरी करते. यंदा आयआयएमच्या एमबीए प्रवेशाची कॅट देतेय, आणि नाहीच जमलं तर राज्याची एमबीए सीईटी. जुलैपासून जवळपास दर रविवारी मॉक, म्हणजे सराव परीक्षा देते. मॉक झाला की सगळ्या सोल्युशनचे व्हिडिओ बघते, चुका एक्सेलमध्ये चार रंगांत भरते. तरी मार्क पन्नास-पंचावन्नच्या पुढे सरकत नाहीत. परवा ५३ आले. व्हिडिओ बघताना वाटतं, अरे, हे तर मला येत होतं! दहावीपर्यंत मराठी माध्यम, त्यामुळे व्हीएआरसीत, म्हणजे इंग्रजीच्या सेक्शनमध्ये, मार खाते हे मला माहीत आहे. क्लासच्या ग्रुपवर सगळे पर्सेंटाइल टाकायला लागले की मी फोन पालथा ठेवते. बाबा बेस्टच्या डेपोत टाइमकीपर होते, आता रिटायर आहेत. ते दर रविवारी एकच विचारतात, "किती आले?" क्लासचे सर म्हणतात, अजून मॉक दे. दुसऱ्या क्लासची मॉक सिरीजही घेऊ का? परवाच्या मॉकचे स्क्रीनशॉट जोडले आहेत.
– मॉकग्रस्त, डोंबिवली पूर्व

प्रिय मॉकग्रस्त,

स्क्रीनशॉट पाठवलेस ते फार बरं केलंस. नुसतं पत्र असतं तर मीही 'धीर धर, सराव चालू ठेव' असं काहीबाही लिहून मोकळी झाले असते. पण तुझं पत्र एक सांगतंय आणि तुझे आकडे भलतंच सांगतायत.

व्हीएआरसीपासून सुरुवात करू, कारण तुझा सगळा राग त्या सेक्शनवर आहे. २४ पैकी २२ प्रश्न सोडवलेस, ११ बरोबर, ११ चूक. यावरून तू निकाल लावून टाकलास की इंग्रजी कच्चं, माध्यम मराठी, विषय संपला. आता त्याच पानावरचा वेळेचा रकाना बघ. पहिल्या दोन उताऱ्यांना तू २४ मिनिटं दिलीस आणि त्यांच्या ८ प्रश्नांपैकी ६ बरोबर आणलेस. पुढचे दोन उतारे ९ मिनिटांत उरकलेस. त्यात ८ पैकी २ बरोबर, ६ चूक. बरोबरचे ६ मार्क मिळाले, चुकीचे ६ गेले, हातात शून्य. उरलेल्या ७ मिनिटांत व्हर्बलचे ६ प्रश्न, त्यातले ३ बरोबर. चुकलेले तिन्ही टिटा, म्हणजे उत्तर टाइप करायचे. त्यांना निगेटिव्ह नसतं, तेव्हा तिथे गेलं काहीच नाही.

जिचं इंग्रजी कच्चं आहे तिला पुरेसा वेळ मिळाला म्हणून ८ पैकी ६ येत नाहीत, बाई. तू दोन उतारे नीट वाचलेस आणि दोन वाचल्यासारखे केलेस. पुढच्या मॉकला तीनच उतारे घे. ती ९ मिनिटं तिसऱ्या एकट्याला दे आणि चौथ्याकडे ढुंकूनही बघू नकोस. कुठले तीन, हे ठरवायला सुरुवातीला प्रत्येक उताऱ्याचा पहिला परिच्छेद आणि त्याखालचे प्रश्न तेवढे चाळून घे. आणि मराठी माध्यमाचं ते खापर आता फेकून दे. त्याच्याखाली तू कितीतरी रविवार खरं कारण झाकून ठेवलंस.

आता डीआयएलआर, म्हणजे आकडे आणि तर्काच्या कोड्यांचा सेक्शन. यात एकाच माहितीवर चार-पाच प्रश्न असतात, तो एक सेट. या सेक्शनचा स्क्रीनशॉट मी दोनदा बघितला. पहिला सेट तू १९ मिनिटं धरून बसलीस. त्यात २ बरोबर, ३ चूक, म्हणजे ६ वजा ३, मार्क ३. दुसऱ्या सेटला १४ मिनिटं, ३ बरोबर, १ चूक, मार्क ८. आणि शेवटची ७ मिनिटं उरलेल्या तीन सेटमध्ये नुसती फिरलीस. एकही उत्तर नाही. ४० मिनिटांत ११ मार्क.

मॉक झाल्यावर तू काय केलंस? पहिल्या सेटच्या ३ चुका एक्सेलमध्ये लाल केल्यास आणि त्याचा व्हिडिओ बघितलास. उरलेल्या तीन सेटचेही व्हिडिओ बघितलेस. इथे गाडी रुळावरून उतरली. ते तीन सेट त्या मॉकमधला सगळ्यात मोलाचा ऐवज होता, आणि तू तो व्हिडिओवाल्याच्या हाती देऊन टाकलास. ते सेट तुला येत होते की नव्हते, हे आता कधीच कळणार नाही. आधी घड्याळ लावून, व्हिडिओ न बघता ते स्वतः सोडवले असतेस आणि त्यातला एखादा १० मिनिटांत सुटला असता, तर तुला कळलं असतं की तुझं डीआयएलआर वाईट नाही, सेटची निवड वाईट आहे. एकही सुटला नसता तर उलट कळलं असतं. दोन्ही आजार वेगळे, त्यांची औषधं वेगळी.

माझं सगळं म्हणणं खरं तर एवढंच आहे. कॅटच्या मॉकमध्ये उत्तरांपेक्षा निर्णय जास्त तपासायचे असतात. पेपर १२० मिनिटांचा, प्रत्येक सेक्शनला ४० मिनिटं, एका सेक्शनमधून दुसऱ्यात जाता येत नाही. कॅट २०२४ ला ६८ प्रश्न होते: २४, २२ आणि २२. बरोबरला ३, चुकीला वजा १. ही रचनाच अशी आहे की सगळं सोडवायला जाणारा हमखास आपटतो. कुठला प्रश्न घेतला, कुठला टाकला, कुठल्याला चिकटून राहिलो, या प्रत्येक ठिकाणी मार्क मिळतात किंवा जातात, आणि सोल्युशनच्या व्हिडिओत यातलं काहीच नसतं. व्हिडिओवाल्या सरांना तो सेट घ्यायचा की नाही हे ठरवायचं नसतं. त्यांना तो आधीच सुटलेला असतो.

म्हणून मॉकनंतरचा क्रम उलटा कर. मॉक संपल्यावर अर्धा तास काहीही उघडू नकोस, पर्सेंटाइलसुद्धा नको. जेव, चहा घे. मग आधी सोडलेले प्रश्न काढ, परवाच्या मॉकमध्ये जसे डीआयएलआरचे तीन सेट आणि क्वांटचे, म्हणजे गणिताचे, ९ होते. ते कोऱ्या कागदावर सोडव आणि प्रत्येकापुढे लागलेली मिनिटं लिही. मग चुकलेले घे, तेही सोल्युशन न बघता. बऱ्याच ठिकाणी 'चूक' एवढाच शेरा कळला की आपलं आपल्याला सापडतं. या दोन फेऱ्यांनंतरही जे अडलं, फक्त त्याचा व्हिडिओ लाव. पहिली पायरी दिसली की थांबव आणि पुढचं स्वतः कर. व्हिडिओ बघताना जे 'अरे, येत होतं' वाटतं ना, त्यावर काडीचाही विश्वास ठेवू नकोस. दुसऱ्याने केलेलं समजणं आणि कोऱ्या कागदावर आपण सुरुवात करणं यांत फार अंतर आहे. तोच प्रश्न चार-पाच दिवसांनी परत काढ. सुटला तर आला म्हणायचं.

शेवटी बरोबर आलेले प्रश्नही बघ. हे कोणी करत नाही. क्वांटमध्ये तुझे ७ बरोबर आहेत, पण त्यातल्या एकाने ६ मिनिटं खाल्लीत. २२ प्रश्नांना ४० मिनिटं म्हणजे एकाला पावणेदोन मिनिटांच्या जरा वर. म्हणजे त्या एका बरोबर उत्तराने तीन प्रश्नांचा वेळ गिळला, आणि एक्सेलमध्ये तो प्रश्न हिरवा आहे! आणखी एक. बरोबर आलेल्यांपैकी अंदाजाने लागलेले किती? मॉक देतानाच रफ कागदावर प्रश्नाच्या नंबरापुढे खूण करत जा: खात्री असेल तर बरोबरची, दोन ऑप्शनमध्ये अडकलीस तर प्रश्नचिन्ह, ठोकून दिलं असेल तर फुली. नंतर आठवून लिहायचं म्हटलं तर माणूस स्वतःशी खोटं बोलतो, 'मला माहीतच होतं' म्हणतो.

या खुणांवरून तुझ्या अंदाजांची किंमतही कळेल. चार ऑप्शनमधून डोळे मिटून एक ठोकला तर चारांतून एकदा ३ मिळतात आणि तीनदा १ जातो. बेरीज शून्य, गेली ती वेळ वेगळी. दोन ऑप्शन नक्की उडवून उरलेल्या दोनातला एक निवडलास तर सरासरी प्रत्येकी १ मार्काचा फायदा. पण ते दोन खरंच नीट उडवले असले तरच. प्रश्नचिन्हवाल्यांतले निम्म्याहून बरेच जास्त चुकत असतील तर तू बरोबर ऑप्शनच उडवतेयस, आणि आरसीचा, म्हणजे उताऱ्यांवरच्या प्रश्नांचा, आढावा तिथून सुरू करायचा. त्यासाठी उताऱ्यात परत जा. तू निवडलेला ऑप्शन कुठल्या वाक्यावर उभा आहे त्यावर बोट ठेव, मग बरोबर ऑप्शनच्या वाक्यावर. तुझा ऑप्शन का चुकला ते एका ओळीत मराठीत लिही. मराठीतच लिही, कारण त्यात लपवाछपवी होत नाही. 'लेखक एका काळाबद्दल बोलतोय, ऑप्शन कायमचं म्हणतोय', 'जगात खरं असेल, उताऱ्यात कुठे म्हटलंय?', 'अर्धं वाक्य बरोबर, अर्धं वरून चिकटवलेलं'. अशा ओळी जमल्या की तुझा सापळा कुठला ते तुझं तुला दिसेल. माझा अंदाज, तो एकच असेल आणि पुन्हा पुन्हा तोच असेल.

आता एक्सेल. बंद कर. चार रंगांची ती फाइल तू भरतेस, पण उघडतेस कधी? भरताना अभ्यास झाल्यासारखं वाटतं, हाच तिचा तोटा. आणि तिच्यातला 'सिली मिस्टेक' हा रकाना तर आजच पुसून टाक. सिली म्हटलं की चौकशी संपते. त्याऐवजी काय झालं ते लिही: 'प्रश्नात कुठलं नाही ते विचारलं होतं, मी आहे ते दिलं', 'मिनिटांचे तास केले नाहीत', 'वजाची खूण दुसऱ्या ओळीत हरवली', 'अ काढायचा होता, ब काढून थांबले'. रफ कागद टाकू नकोस, त्यावर तारीख घालून ठेव. चूक नेमकी कुठल्या ओळीत झाली ते तिथेच दिसतं. परीक्षेत रफचे कागद परत घेतात, घरी तरी ते आपले असतात.

वही घे, साधी, शंभरपानी. प्रत्येक मॉकला एक पान. त्यावर हात लावायला नको होता असा प्रश्न, लावायला हवा होता असा प्रश्न, आणि पुढच्या मॉकला बदलायची एक गोष्ट. एकच. पाच लिहिल्यास तर पाचही होणार नाहीत. तुझी पहिली मीच सांगते: डीआयएलआरची पहिली ४ मिनिटं पेन खाली. पाचही सेट वाचायचे, अटी किती आहेत, टेबलात पहिली संख्या कुठे बसते ते बघायचं, आणि क्रम ठरवून मगच सुरुवात. शिवाय ८ मिनिटांत टेबल निम्मंही भरलं नाही तर तो सेट सोडायचा, कितीही जीव जडला तरी. पुढच्या रविवारी पान उघडून आधी हे बघ की नियम पाळला का. मार्क मग.

हे सगळं करायला वेळ कुठून आणायचा? मॉकला २ तास, आढाव्याला त्याच्या दुप्पट तरी, आणि तू सकाळी डोंबिवलीहून ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बरने ऐरोलीला जाणारी. कोणी तुला 'लोकलमध्ये अभ्यास कर' म्हणालं तर त्यांना एकदा सकाळी सव्वाआठला डोंबिवलीच्या फलाटावर आणून उभं कर. लेडीज डब्यात हात वर घेतला तर खाली आणायला जागा नसते, वही कसली काढतेस. ठाण्यापुढे जागा मिळाली तर आरसीचा एक उतारा फोनवर परत वाच, त्याहून जास्त काही ठरवू नकोस. खरा आढावा रविवारी दुपारी सोडलेल्या प्रश्नांचा, सोमवारी-मंगळवारी रात्री चुकलेल्यांचा, आणि शुक्रवारी पाच-सहा अडलेले प्रश्न पुन्हा. तेवढं पूर्ण झालं नसेल तर त्या रविवारचा मॉक सरळ पुढे ढकल. सरांना काय म्हणायचं ते म्हणू दे. न तपासलेला मॉक म्हणजे २ तास घालवून स्वतःचा मूड बिघडवणं.

मॉक नेहमी सकाळीच देऊ नकोस. गेल्या काही वर्षांत कॅट तीन स्लॉटमध्ये होते आहे, साडेआठ, साडेबारा आणि साडेचार. स्लॉट आपल्याला निवडता येत नाही. कधीतरी दुपारी जेवून देऊन बघ. परीक्षा नोव्हेंबरअखेरच्या रविवारी असते, म्हणजे गणपती गेले तेव्हापासून दहाएक रविवारच उरतात. त्यातला दिवाळीचा एक सोडून दे, फराळ कर.

पर्सेंटाइलचं ऐक. एका सिरीजचं पर्सेंटाइल हे त्या दिवशी तो मॉक दिलेल्यांतलं तुझं स्थान. दुसऱ्या सिरीजमध्ये माणसं वेगळी, पेपर वेगळा. ग्रुपवर टाकलेल्या आकड्यांची तुझ्याशी तुलना होतच नाही. शिवाय ज्याचे मार्क पडले तो त्या दिवशी गप्प असतो. ग्रुप म्यूट कर, एवढं पुरे.

बाबांचं मात्र मला मनापासून आवडलं. टाइमकीपर होते म्हणतेस. ड्युटीचं वेळापत्रक, कोण कुठल्या गाडीवर, कोणाची सुट्टी, कोण कोणाच्या आधी सुटला पाहिजे, हे त्या माणसाने आयुष्यभर केलंय. डीआयएलआरचे निम्मे सेट याच जातीचे असतात. पुढच्या रविवारी त्यांनी 'किती आले?' विचारलं की आकडा सांग आणि लगेच अडलेला एक सेट घेऊन त्यांच्यासमोर बस. अटी मराठीत मोठ्याने समजावून सांग. त्यांना सुटेल न सुटेल, पण सांगताना तू कुठे अडखळतेस ते तुलाच ऐकू येईल. आणि त्यांनाही दारात उभं राहून आकडा विचारण्यापलीकडे काही करायला मिळेल. बापलोकांना ते हवंच असतं, त्यांना मागता येत नाही.

आता सीईटी, कारण तू ती 'नाहीच जमलं तर' म्हणून टाकलीस. मुंबईतल्या जमनालाल बजाज किंवा सिडनॅम या एमबीए कॉलेजांत जायचं असेल तर ती तुझी मुख्य परीक्षा आहे, आणि तिच्या मॉकचा आढावा कॅटच्या सवयीने घेतलास तर फसशील. तिथे २०० प्रश्न आणि १५० मिनिटं, म्हणजे एकाला ४५ सेकंद. निगेटिव्ह नाही. लॉजिकल ७५, ॲब्स्ट्रॅक्ट २५, क्वांट ५०, व्हर्बल ५०. म्हणजे निम्मा पेपर रिझनिंगचा. इथे मागे काही कोरं राहिलं तर तो सरळ गाढवपणा, कारण अंदाजाला दंडच नाही. तेव्हा सीईटीच्या मॉकनंतर चुकांच्या आधी हे बघायचं की दीड मिनिटाच्या वर कुठल्या प्रश्नांवर बसले होते आणि शेवटी न वाचताच किती भरले. ती यादी छोटी करत न्यायची, बस. पण हे डिसेंबरपासून. आत्ता दोन्हीचे मॉक एकत्र देऊ नकोस. एक परीक्षा प्रश्न सोडायला शिकवते, दुसरी धडाधड भरायला, आणि घाईत दोन्ही सवयींची खिचडी होते.

दुसरी सिरीज घेऊ नकोस. तुझ्याकडचे निम्मे मॉक अजून तपासायचे आहेत. जुलै-ऑगस्टचे काढ, त्यातले सोडलेले सेट आणि क्वांट सोडव. विसरली असशील तर उत्तमच, नवा माल मिळाला. त्यापलीकडे हवं असेल तर मागच्या वर्षांचे खरे कॅटचे पेपर घे, विशेषतः आरसीसाठी. क्लासच्या मॉकमधल्या आरसीचे ऑप्शन कधीकधी असे असतात की बरोबर उत्तरावर दोन शिक्षकांचंही एकमत होणार नाही, आणि तसल्या चुकीवर तू रात्रभर डोकं फोडशील. खऱ्या पेपरात तो त्रास कमी. २०२१ ते २०२३ चे पेपर ६६ प्रश्नांचे आहेत, त्याने काही बिघडत नाही. ४०-४० मिनिटांची रचना तीच आहे.

सिरीजचे पैसे वाचतील ते फॉर्मसाठी ठेव. कॅटचा एक फॉर्म आयआयएमना चालतो, पवईचं आयआयएम मुंबई त्यातच आलं. पण अंधेरीच्या एसपीजैनला कॅटचे मार्क चालत असले तरी अर्ज वेगळा आणि फी वेगळी. एनमिम्ससाठी एनमॅट ही निराळी परीक्षाही असते. या सगळ्यांच्या मुदती आज रात्रीच बघून वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेव. काहींच्या तारखा कॅटच्या आसपासच येतात, आणि त्या धांदलीत फॉर्म राहून गेला तर त्याचा आढावा घेऊन काही उपयोग नाही.

– ताई